गोरेपणाची ट्यूब

‘मुलगी शिकलेली आहे, पण रंगाने सावळी आहे.’ या वाक्यातील ‘पण’ आपल्याकडे फारसा कोणाला खटकत नाही. गरोदर सुनेला केशराचे दूध द्यायचे, ते मूल गोरे व्हावे म्हणून. पुढे ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातीतही पहिली अट ‘गोरी’. (सावळ्या विठ्ठलाच्या दर्शनाला मात्र आपण पायी जातो!) १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. जाहिरातीतील सावळी मुलगी क्रीम लावून उजळ झाली की तिला नोकरी मिळे, स्थळही येई. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ शब्द गेला. सोस काही गेला नाही.

या सोसापायीच मुली अधिक ‘जोरदार’ मलमांकडे वळतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून ट्यूब आणली जाते. तिच्यात पुष्कळदा बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते. ही त्वचारोगावरची औषधे आहेत, प्रसाधने नव्हेत. स्टेरॉइडने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य कमी तयार होते आणि आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरोखरच उजळ दिसतो. फसगत होते ती येथेच. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, उन्हात गेले की आग होते, पुरळ उठते, गालांवर लव वाढते. घाबरून मलम थांबवावे तर चेहरा लालबुंद होतो. मग पुन्हा तीच ट्यूब! मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण चिठ्ठी विचारतो कोण?

निनावी डब्यांतील क्रीम त्याहून घातक. त्यांत पारा असू शकतो. तो त्वचेतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात जातो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ च्या सुमारास मूत्रपिंडाच्या विकाराचे काही रुग्ण गोरेपणाची अशी क्रीम वापरणारे निघाले. पायांवर सूज व लघवीला फेस ही लक्षणे दिसल्यास क्रीम तात्काळ बंद करून लघवीची तपासणी करून घ्यावी.

स्टेरॉइडचे मलम बरेच महिने लावले असल्यास ते आपल्या मनाने एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना ट्यूब सोबत न्यावी, रिकामी असली तरी. तिच्यावर बारीक अक्षरात छापलेल्या नावांवरून डॉक्टरांना पुढचे उपचार ठरवता येतात.