उगवतीचा वारा

जूनच्या सुरुवातीला जळगावातल्या मेहरूणला वारा येतो तो मावळतीकडून. दुपार कलली की सुटतो, तलावाकाठची धूळ उचलून घराघरांत नेऊन टाकतो आणि अंधार पडल्यावर दमतो. ३ जून २०२० च्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, तेव्हा टाकीच्या पाइपाला बांधलेली जुन्या साडीची पट्टी उलटीकडे फडफडत होती. वारा उगवतीकडून येत होता.

त्याच दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं होतं. तिथं वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. अलिबाग आमच्यापासून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे, मध्ये सगळा सह्याद्री. टीव्हीवर मात्र अलिबाग आणि मुंबईच दिसत होती. वादळानं सह्याद्री ओलांडला की बातमी संपते; नकाशावरची ती ठिपक्यांची रेघ मात्र ईशान्येला सरकत थेट आमच्या अंगावर येत होती.

माझ्याकडे साधनं चार. साडीची पट्टी, शंभर पानी वही, सरळ बाजूंचा स्टीलचा डबा आणि हवेचा दाब दाखवणारा फोन. डबा सरळ बाजूंचाच हवा, कारण मग तळाशी साचलेलं पाणी मोजपट्टीनं मोजलं की तोच मिलिमीटरमधला पाऊस. निमुळत्या पातेल्यानं फसगत होते, हे मी आदल्या वर्षी अनुभवलं होतं.

दिशा ओळखायचा नियम एका डच माणसाचा आहे. बाइस बॅलट यांनी तो १८५७ मध्ये मांडला: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, आपल्या गोलार्धात कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. जमिनीवर घरं, झाडं, टेकड्या वाऱ्याला अडवतात, म्हणून ते डाव्या हाताच्या थोडं पुढे धरायचं. पूर्वेकडे पाठ केली. तोंड पश्चिमेला, डावा हात दक्षिणेला, त्याच्या थोडं पुढे म्हणजे नैर्ऋत्य. त्या क्षणी वादळ तिकडेच होतं. फोनवरचा नकाशा न उघडता हे कळलं, याचा मला जरा जास्तच आनंद झाला. खालून आईनं विचारलं, "वर कोणाला सलाम करतोयस?" हात तसाच लांब धरलेला होता.

दाबाचं प्रकरण जास्त चिवट. समुद्राला असते तशी हवेच्या दाबालाही रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला तो चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. आपल्या पट्ट्यात हा फरक दोन-तीन मिलिबारचा. म्हणजे दुपारी आकडा घसरला म्हणून 'वादळ आलं' असं ओरडायचं नसतं. घसरण रोजची की आगंतुक, ते आधी बघायचं. संध्याकाळी सातला फोनवर ९७७ होते. (जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे आपल्याकडचा कच्चा आकडा किनाऱ्यापेक्षा वीस-पंचवीसने कमीच असतो.) रात्री दहाला तो चढायला हवा होता. दहाला ९७६ दिसले. चढायच्या वेळेला उतरलेला तो एक मिलिबार पाहिला आणि मी वही घेऊन जिन्यातच बसलो.

दहानंतर पाऊस. वळवाचा नव्हे. वळवाच्या पावसाला गडगडाट असतो, रुबाब असतो, अर्ध्या तासात तो मोकळा होतो. हा बारीक, आडवा आणि न थांबणारा. वाऱ्याचे झोत मात्र थांबून थांबून येत. मधल्या शांततेत तलावाकडून पाण्याची थपथप ऐकू यायची आणि पुन्हा विजेच्या तारा शिट्टी घालायच्या. तारा वाजू लागल्या की बोफर्टच्या मापात वारा ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटरचा धरतात. समोरचा कडुलिंब बुंध्यापासून हलायला लागला की पन्नासच्या वर. बाराच्या पुढे तो तीनदा तसा हलला. चौथ्या झोताला मागच्या गल्लीतला शेवगा कडकन मोडला, पण शेवग्याचं काय, तो कुत्रं टेकलं तरी मोडतो.

साडेबाराला रावेर तालुक्यातून मामाचा फोन. मामाची केळी. घडांनी वाकलेले खांब, कटाई तोंडावर आलेली. केळीचं खोड हे खरं खोड नव्हेच, एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांची ती सुरळी. वर घडाचं ओझं, पानं शिडासारखी पसरलेली आणि खाली मुळं उथळ. वाऱ्याच्या दृष्टीनं यापेक्षा सोपं पीक नाही. बागेच्या कडेनं शेवरी लावतात ती त्यासाठीच. पण शेवरी मावळतीच्या बाजूला दाट, कारण दरवर्षी वारा तिकडून येतो.

"वारा कुठून येतोय तिकडं?" मी विचारलं.

"उगवतीकडून रे भो. सगळी शेवरी मागं राहिली."

विम्यासाठी वाऱ्याचा वेग मोजला जातो तो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर, मामाच्या बांधावर नाही. मंडळात गावं अनेक, झोताची वाट मात्र एखाद्या शेताएवढी रुंद. केंद्रावर वारा शांत आणि दोन मैलांवर बाग आडवी, असं होऊ शकतं. मामाला मी काय सांगणार होतो? म्हटलं, दोन-तीनपर्यंत वारा ईशान्येला वळेल, मग उत्तरेला, आणि उत्तरेला वळला की समज वादळ गेलं.

हे धाडसाचं बोलणं होतं, पण त्याला आधार होता. वादळ आपल्या दक्षिणेकडून पूर्वेला सरकत असेल, तर वारा घड्याळाच्या उलट फिरतो: पूर्व, ईशान्य, उत्तर, वायव्य. उत्तरेकडून गेलं असतं तर तो दक्षिणेवरून पश्चिमेला आला असता. दोनच्या सुमाराला पट्टी गोंधळली, कधी इकडे कधी तिकडे. शेजारच्या नव्या इमारतीला आपटून वारा भोवरे घेत होता. तेव्हा पट्टी सोडून ढग बघितले. शहराच्या दिव्यांनी खालून उजळलेले खालचे ढग सरळ ईशान्येकडून येऊन नैर्ऋत्येला चालले होते. ढगांना इमारती आडव्या येत नाहीत.

साडेतीनला ९७३. तो तळ. पावणेपाचला ९७४, वारा उत्तरेचा, पाऊस भुरभुर. मामाला फोन लावला तर तो झोपला होता. मला राग आला, मग हसू आलं. सकाळी त्यानं हिशेब सांगितला: कडेची एक ओळ पडली, बाकी उभं आहे.

४ जूनच्या सकाळी ते पश्चिम विदर्भावरचं नुसतं 'डिप्रेशन' झालं होतं. निसर्ग हे नाव बांगलादेशानं दिलेलं, २०२० च्या नव्या यादीतलं पहिलं. पण नाव टिकतं ते वारा ताशी बासष्ट किलोमीटरच्या वर असेपर्यंत. घाट चढून आमच्याकडे येईतो वादळाचं नाव पुसलेलं असतं. खानदेशात वादळं येतात ती बिननावाचीच.

साडेआठला, म्हणजे वेधशाळेच्या पाऊस मोजायच्या वेळेला, डब्यात मोजपट्टी बुडवली. आकडा वहीत लिहिला. त्यापेक्षा मला वेगळीच गोष्ट सुचत होती. हे वादळ पाणी घेऊन विदर्भात गेलं, पण अकोला-बुलढाण्यात पडलेलं पाणी पूर्णेत उतरतं, पूर्णा उलटी पश्चिमेला वाहत येते, चांगदेवला तापीला मिळते, खाली हतनूरचं धरण, मग उकाईचं, मग सुरत, मग अरबी समुद्र. वादळ ज्या समुद्रातून आलं तिथेच पाणी परत. जूनमध्ये तहानलेली काळी जमीन ते वाटेतच पिऊन टाकते, ही गोष्ट वेगळी.

पाण्याचं भय असतं ते उलट दिशेनं आलेल्या वादळात. २६ सप्टेंबर २०२१ ला गुलाब चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं, तेलंगण ओलांडून मराठवाडा झोडपत पश्चिमेला आलं. उरलेलं वादळ गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा जोर धरला, शाहीन हे नवं नाव घेतलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओमानवर जाऊन आदळलं. मेहरूणच्या गच्चीवर त्या दिवसांत पट्टी जेमतेम हलत होती. दाबाचा आकडा बघावा असंही काही नव्हतं. पण ही वाट तापीच्या वाहण्याचीच वाट आहे. पाऊस आधी वरच्या खोऱ्यात पडतो, त्याचं पाणी निघतं, आणि ढग त्या पाण्याच्या सोबतीनं खाली खाली सरकतात. वरून आलेल्या फुगवट्यात खालच्या नाल्यांची भर पडत जाते. जमीनही तोवर भिजून तृप्त झालेली असते. निसर्गच्या वेळी वादळ आणि पाणी एकमेकांकडे पाठ करून चालली होती, इथे ती हातात हात घालून निघतात.

छोट्या नद्यांना तर एवढ्या प्रवासाचीही गरज नसते. गुलाबच्या महिनाभर आधी, ३१ ऑगस्टला, चाळीसगावात तितूर आणि डोंगरी एका रात्रीत गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. त्या पावसाला नाव नव्हतं.

गुलाबच्या त्या मंगळवारी दिवसभर पाऊस लागून होता. व्हॉट्सअॅपवर हतनूरच्या एक्केचाळीस दरवाजांचे संदेश फिरत होते: किती उघडले, किती मीटरनं, किती क्युसेक. रात्री अकराला सुरतेहून चुलतबहिणीचा फोन आला. खानदेशातली निम्मी माणसं पोटासाठी सुरतेला गेलेली, तशीच तीही. २००६ च्या ऑगस्टमधल्या तापीच्या पुरात तिनं चार दिवस वरच्या मजल्यावर काढले होते. आमच्याकडे वारा किती, पाऊस किती, यातलं तिनं काही विचारलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "हतनूरचे किती उघडलेत?"