रुचीपासून रोजकीर्दीपर्यंत

‘रुच्’ या संस्कृत धातूचा पहिला अर्थ चमकणे, झळकणे. आवडणे हा मागाहून चिकटलेला. डोळ्यांत भरले ते मनातही भरले, एवढाच तो प्रवास. पाणिनीच्या काळापर्यंत हा दुसरा अर्थ इतका रुळला होता, की ज्याला आवडते त्याची चतुर्थी करावी, असा नियमच त्याने केला (अष्टाध्यायी, १.४.३३). ‘मला रुचत नाही’ म्हणताना आपण अजून त्याच वळणाने जातो. झळकणारा सोन्याचा दागिना तो ‘रुक्म’. त्यावरून रुक्मिणी, आणि पंढरपुरात तिचीच रखुमाई झाली.

या कुळाचे मूळ रूप भाषाशास्त्रज्ञ ‘लेउक्’ असे मांडतात. लॅटिनने त्यातला ‘ल’ जपला: ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश, ‘लूना’ म्हणजे चंद्र. ग्रीकात ‘लेउकोस’ म्हणजे पांढरा. रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर लोटतो त्या रोगाला रुडॉल्फ विर्खो यांनी १८४७ मध्ये नाव दिले, तेही याच शब्दावरून. उजेडाच्या घराण्यातले हे सर्वांत काळेकुट्ट अपत्य म्हणायचे.

संस्कृतात ‘ल’चा ‘र’ झाला, पण सरसकट नाही. लोचन आणि अवलोकन तसेच राहिले. ‘लोक’सुद्धा. त्याचा जुना अर्थ माणसे नव्हे, मोकळी जागा. लॅटिनमधली ‘लुकुस’ म्हणजे देवराई आणि लिथुआनियनमधले ‘लाउकस’ म्हणजे शेत ही त्याची भावंडे. झाडी विरळ होऊन जिथे ऊन जमिनीला लागते, ती जागा. लोकसभेपर्यंतची मजल पुढची.

मला अधिक मौज वाटते ती इराणी शाखेची. बेहिस्तूनच्या कड्यावरच्या शिलालेखात सम्राट दारियस लढायांच्या तिथी देतो, तिथे दिवसाला शब्द आहे ‘रउच’, मुळात उजेड. फारसीत त्याचा ‘रोज’ झाला आणि बहामनी, आदिलशाही, निजामशाही दफ्तरांतून तो मराठीत शिरला. रोजगार, रोजमुरा, रोजनामा, पेशवे दफ्तरातली रोजकीर्द, सगळी त्याचीच प्रजा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘रोज’ काही हलला नाही. म्हणजे एकच धातू आपल्याकडे दोन वाटांनी आला: संस्कृतातून ताटात, फारसीतून कचेरीत. दोन्हीकडे त्याची चमक मात्र वापरून वापरून गेली.

ती उरली ‘रोषणाई’त. ‘रोशन’ आणि लॅटिन ‘लूना’ एकाच घडणीचे शब्द आहेत. हिंदी-उर्दूत ‘रोशनाई’ म्हणजे लिहायची शाई. आपली ‘शाई’ मात्र ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणावरून आलेली. आपण काळ्याला काळे म्हणून मोकळे झालो.

गावोगाव ‘लाईट गेली’ म्हणतात, तो इंग्रजी शब्दही याच कुळातला. वजनाने हलका या अर्थाचा ‘लाईट’ वेगळा; त्याचे नाते ‘लघु’शी.