पातळ दोन गोधड्या

मिशनच्या कामाला मदत करणाऱ्या बंधुभगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो. बाजारात तयार ब्लँकेटे मिळत असताना आपल्या भगिनींनी दुपारच्या दुपार सुईदोरा घेऊन का बसायचे? तेवढे पैसे गोळा करून ब्लँकेटे विकत का घेऊ नयेत? प्रश्न रास्त आहे. जो दान देतो त्याला तो विचारण्याचा हक्कही आहे. म्हणून या अंकात गोधड्यांच्या कामाची सगळी हकीकत सांगते.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपत्तीच्या पहिल्या रात्री गोधडी उपयोगाची नसते. आपल्याकडे डोंगरी भागावर संकट येते ते बहुतेक वेळा पावसाळ्यात. माळीण गाव दरडीखाली गेले ते ३० जुलै २०१४ रोजी. तिथे १५१ माणसे गेली. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. माळीणला महादेव कोळी समाजाची वस्ती, इर्शाळवाडीला ठाकर समाजाची. दोन्ही ठिकाणी पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. अशा पावसात सुती गोधडी नेली तर ती पाणी पिते, दुप्पट जड होते आणि अंगाला ऊब देण्याऐवजी ऊब काढून घेते. लोकरीचे तसे नाही. घोंगडी ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. म्हणून सह्याद्रीतला गुराखी पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो. सुताला तो गुण नाही.

तेव्हा पहिल्या रात्री ताडपत्री, कोरडे कपडे आणि कारखान्यातली ब्लँकेटेच हवीत. हरियाणातल्या पानिपत शहरात जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे विणतात. देशात आणि देशाबाहेर मदतकार्यात वर्षानुवर्षे तीच वाटली गेली. आता तिथेही पॉलिएस्टरची हलकी ब्लँकेटे जास्त बनतात. ती ट्रकभर, एका दिवसात मिळू शकतात. शासन आणि मोठ्या संस्था ती आणतात आणि ते योग्यच आहे. त्या शर्यतीत आपण उतरायचे कारण नाही.

आपले काम त्यानंतरचे.

इर्शाळवाडीचेच पाहा. गावाला गाडीरस्ता नव्हता. डोंगर चढूनच जावे लागे. त्यामुळे माती उपसायला मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे शेवटपर्यंत सापडली नाहीत आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. जी कुटुंबे वाचली ती तात्पुरत्या कंटेनर घरांत राहिली आणि पुढे सिडकोने बांधलेल्या नव्या घरांत गेली. आता या मधल्या काळाचा विचार करा. वर्तमानपत्रातून बातमी गेलेली, ट्रक यायचे थांबलेले. पण माणसे रोज रात्री झोपतच होती. दरडीखाली गेलेल्या घरात काय काय गेले असेल? भांडी, धान्य, कागदपत्रे. आणि आईने, आजीने शिवलेली वाकळही. तिची नोंद कुठल्याही पंचनाम्यात होत नाही, कारण तिला बाजारभाव नाही. भांडे पुन्हा विकत मिळते. वाकळ शिवायला जुनी लुगडी लागतात, आणि लुगडीही त्याच मातीखाली गेलेली असतात.

अशा कामाचे बोलणे निघाले की आपल्या मंडळीत यापोच्या टबीथेचे नाव घेतात, आणि ते उचितच आहे. मला मात्र निर्गमाचा २२ वा अध्याय अधिक आठवतो. गरिबाचे पांघरूण कर्जापोटी गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्याआधी ते त्याला परत करावे, असे तिथे सांगितले आहे. कारणही तिथेच दिले आहे: त्याच्याजवळ अंगावर घ्यायला दुसरे काही नाही. कर्ज, व्याज, गहाणवट या रुक्ष नियमांच्या मध्येच रात्रीच्या थंडीची आठवण ठेवलेली आहे.

काम सुरू करण्याआधी आम्ही तिघीजणी कर्जतकडच्या एका वाडीवर गेलो होतो. तिथल्या बायकांनाच विचारले की गोधडी कशी हवी. आमच्या मनात होती ती घाटावरची जाडजूड गोधडी, आठ-दहा थरांची, भरपूर चिंध्या भरलेली. एका आजीबाईंनी आमची नमुन्याची गोधडी हातात घेतली, वजन पाहिले आणि म्हणाल्या, “बाई, ही भिजली तर वाळायची कधी? जाड एक नको. पातळ दोन द्या.”

त्या एका वाक्यावर आमचे सगळे काम बेतलेले आहे. पातळ गोधडी अर्ध्या दिवसाच्या उन्हात, नाहीतर चुलीजवळच्या दांडीवर वाळते. दोन असल्या की एक खाली अंथरता येते, एक वर घेता येते. कंटेनरच्या किंवा फरशीच्या जमिनीवर खालून येणारा गारठा वरच्यापेक्षा वाईट. एकटे ब्लँकेट तिथे पुरे पडत नाही. थंडी वाढली की दोन्ही अंगावर घ्याव्यात, पाहुणा आला की एक त्याला द्यावी. दिवसा तीच गोधडी दाराला पडदा म्हणून लागते, झोळी बांधून तान्हे मूल त्यात निजते. दोन पातळ थरांच्या मध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते, हे शास्त्रही आजीबाईंच्या बाजूने आहे.

दुसरी गोष्ट कापडाची. आम्ही फक्त सुती साड्या घेतो. नायलॉन, पॉलिएस्टर, जॉर्जेट, कितीही सुंदर असली तरी नाही. भगिनींना याचे वाईट वाटते, कारण घरोघरी आता सुती साड्या कमी आणि दुसऱ्याच जास्त. पण वाडीवरच्या घरात माणसे चुलीच्या, शेकोटीच्या जवळ झोपतात. पॉलिएस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. सूतही जळते, पण ते चिकटत नाही. झटकता येते, विझवता येते. शिवाय सूत घाम शोषते. आम्हाला सुती चादरी, पंचे, धोतरे, जुने पडदेही चालतात, फक्त ते विरलेले नसावेत. बोटाने ताणल्यावर फाटते ते कापड आतल्या थरालाही घालत नाही.

आता शिवण्याची रीत सांगते, म्हणजे ज्या मंडळ्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांना सोपे जाईल.

साधारण साडेपाच मीटरच्या साडीचे चार सारखे तुकडे करावेत. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की सव्वासात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असा एक थर तयार होतो. म्हणजे एका साडीत दोन थर. दोन साड्यांत चार थर, आणि चार थरांची एक गोधडी. साड्यांचा हा हिशेब आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने बसवून दिला. कापड वायाच जात नाही. वरचा आणि खालचा थर गडद रंगाचा घ्यावा. पांढरी गोधडी चुलीच्या धुराने आठ दिवसांत काळवंडते, आणि ती घेणाऱ्या बाईला उगाच मेल्याहून मेल्यासारखे होते.

चारही थर जमिनीवर अंथरून चौघींनी चार बाजूंनी ताणून धरावेत. सुरकुती राहिली तर ती शेवटपर्यंत राहते. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के करावेत. हे टाके नंतर उसवायचे असतात. त्यानंतर दाभण आणि जाड सुती दोरा. दोऱ्यावरून मेण ओढून घेतले तर तो गुंतत नाही आणि टिकतोही जास्त. धावदोरा कडेपासून सुरू करावा आणि चौकोनातून चौकोन काढत मध्याकडे जावे. आपल्या आज्या असेच करत. मध्यापासून सुरुवात केली तरी चालते, पण मग चौघींना एकाच वेळी बसता येत नाही, आणि चौघी बसल्या नाहीत तर गप्पा कशा व्हायच्या! दोन ओळींत दोन बोटांचे अंतर पुरे. त्याहून दाट टाके दिसायला छान, पण वेळ फार जातो. त्याहून विरळ घातले तर धुताना आतले थर गोळा होतात. शेवटी चारही कडांना दुमडून पट्टी लावावी. गोधडी फाटते ती कडेपासून, म्हणून पट्टी यंत्रावर दुहेरी शिवणीने घालतो. चौघी बसल्या तर दोन-तीन दुपारींत एक गोधडी होते.

अमेरिकेतल्या लूथरन आणि मेनोनाइट मंडळ्यांतील भगिनीही कित्येक वर्षांपासून अशी पांघरुणे करून जगभरच्या निर्वासितांसाठी पाठवतात. लूथरन मंडळींचे माप साधारण ६० इंच बाय ८० इंच. त्या बहुधा धावदोरा घालत नाहीत. ठरावीक अंतरावर सगळ्या थरांतून दोरा काढून गाठ मारतात. काम झपाट्याने होते. आमच्या तरुण मुलींना ती रीत आवडली, आणि ज्यांचे डोळे आता दाभणाला साथ देत नाहीत त्यांनाही गाठी मारणे जमते. मजबुतीत माझे मत अजून धावदोऱ्यालाच आहे. नदीवर आपटून धुतलेल्या गोधडीच्या गाठी किती दिवस राहतील, मला शंका वाटते.

हे सगळे काम मे अखेर संपले पाहिजे. जूनमध्ये आमच्या निम्म्या भगिनी पेरणीला, पुढे भातलावणीला जातात, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे: पावसाळ्यात धुतलेले कापड पुरते वाळत नाही. जराशी ओल थरांत राहिली आणि गोधडी घडी घालून ठेवली तर महिन्याभरात बुरशीचा वास येतो, आणि तो काही केल्या जात नाही. म्हणून तयार गोधड्या वैशाखाच्या उन्हात दोन दिवस उलटसुलट वाळवतो. कडुनिंबाचा वाळका पाला घालून, जाड प्लास्टिकमध्ये दोन-दोनची जोडी बांधून, जमिनीपासून वर फळीवर ठेवतो. जोडी फोडायची नाही, असा नियम आहे. आपत्ती आली नाही तर? नाही आली तर देवाची स्तुती असो. दिवाळीनंतर त्या गोधड्या आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आलेल्या मुलांच्या घरी आणि ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या कामावर निघालेल्या कातकरी कुटुंबांकडे जातात. उघड्या रानात खोपी घालून ती माणसे थंडीचे चार महिने काढतात. त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही.

जुन्या कपड्यांविषयी थोडे स्पष्ट बोलते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. लोकांना नको होते, कारण ते वापरण्याजोगे नव्हते. ‘गूंज’ या संस्थेने, जिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते कपडे निवडून कामी लावण्याचे मोठे काम केले. आपल्याकडेही पुरानंतर हेच चित्र दिसते. फाटका सदरा, एकच मोजा, चेन तुटलेली पँट. घर आवरायचे निमित्त आणि दान दिल्याचे समाधान, दोन्ही एका पोत्यात. निवडायला मात्र संकटात सापडलेल्यांनाच बसावे लागते. साडी गोधडीसाठी देताना ती विकत घेऊन कोणाला भेट द्यायची आहे असे समजून पाहावी, एवढीच विनंती.

काहींनी सुचवले की गोधडीच्या कोपऱ्यावर मंडळीचे नाव शिवावे. आम्ही ते करत नाही. ज्याचे घर गेले त्याने रोज रात्री दात्याचे नाव अंगावर घेऊन का झोपावे? गोधडी देताना कोणाला समाज विचारत नाही, उपासनेला या म्हणत नाही, रांगेत उभे करून फोटोही काढत नाही. वाडीतल्या दोन जाणत्या बायकांच्या हाती जोड्या देतो. कोणाच्या घरी किती माणसे, कोण बाळंतीण, कोण आजारी, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. शिवायला बसण्याआधी आम्ही प्रार्थना करतो, ती आमच्यापुरती.

यंदा सुती साड्या कमी पडत आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी धुऊन, कडक वाळवून, फॉल काढून द्याव्यात. कांजी केलेली असेल तर ती आधी निघाली पाहिजे, कारण कांजीला कसर आणि झुरळे लागतात. साडी नसेल तर जाड सुती दोऱ्याची रिळे द्यावीत. दर बुधवारी दुपारी दोन ते पाच भगिनी बसतात. शिवता येत नसले तरी या; थर ताणून धरायला चौथे माणूस नेहमीच कमी असते, आणि बंधूंनाही मनाई नाही.