समान नियम, असमान न्याय

“आजोबा, दादानें मध्येंच नियम बदलला. मी आतां खेळणार नाहीं!” गेल्या सुटींत आमच्या नातीनें ही फिर्याद आणली आणि न्यायासन आमच्या गळ्यांत पडलें.

खेळ होता ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ प्रसिद्ध झाला. प्रत्येकानें योद्धा, मांत्रिक असें एखादें पात्र घ्यावयाचें; एकानें सूत्रधार होऊन कथा चालवावयाची; आणि वार लागला कीं हुकला, हें २० बाजूंच्या फांशानें ठरवावयाचें.

नातीनें रानटी योद्ध्याचें पात्र घेतलें होतें. या पात्रास एक विशेष शक्ति असते. स्वतःचा बचाव सोडून वार केल्यास फांसा दोनदां टाकून मोठा आंकडा धरावयाचा; मात्र पुढील पाळीपर्यंत शत्रूसही तिच्यावर वार करितांना तीच सवलत मिळते. ज्या वारास ११ किंवा अधिक आंकडा लागतो, तो एरव्हीं शंभरांत ५० वेळां साधेल. या सवलतीनें ७५ वेळां. लाभ मोठा, तशी किंमतही मोठी.

तिसऱ्या बैठकीस सूत्रधार नातवानें २०१४ च्या आवृत्तींतील एक वैकल्पिक नियम लागू केला. शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंस दोन मित्र उभे राहिले कीं दोघांनाही तीच सवलत, आणि तीही फुकट! शिवाय सवलती कितीही जमल्या तरी फांसे दोनच. नातीनें जें जिवावर उदार होऊन मिळवावें, तें इतरांस केवळ जागा बदलून मिळूं लागलें.

नातवाचा हेतु वाईट नव्हता. सारे जण एकाच जागीं उभे राहून वार करीत. त्यांनीं हालचाल करावी, एवढीच त्याची इच्छा. “आणि नियम सर्वांना सारखाच आहे,” तो म्हणाला.

हें वाक्य ऐकून आम्ही चपापलों. शिक्षक असतां एका सहामाहीच्या मध्यावर आम्हींही गुण देण्याची पद्धत बदलली होती, आणि रडवेल्या मुलांस हेंच उत्तर दिलें होतें. जुन्या पद्धतीवर भरंवसा ठेवून ज्यांनीं मेहनत केली, त्यांचेंच नुकसान झालें, हें आमच्या ध्यानीं फार उशिरां आलें.

पाणिनीच्या सूत्रांतही ‘वा’, ‘विभाषा’ अशा शब्दांनीं विकल्प सांगितले आहेत. परंतु एका सूत्रामुळें दुसरें व्यर्थ ठरूं नये, याविषयीं वैयाकरण फार दक्ष असतात. खेळांतील समतोल तो हाच. सर्वांचें बळ सारखें असण्याची गरज नाहीं. प्रत्येकानें निवडलेल्या गुणास वाव मात्र राहिला पाहिजे.

मग आम्हीं असा निकाल दिला. समोरासमोर उभें राहिल्यास दुसरा फांसा मिळूं नये. आंकड्यांत २ मिळवावे. म्हणजे तोच वार ५० ऐवजीं ६० वेळां साधेल. नातीनें आपली शक्ति त्यांत घातली तर ८४ वेळां. हालचालीसही मोल राहिलें आणि तिच्या धाडसासही. यापुढें वैकल्पिक नियम खेळापूर्वीं सर्वांच्या संमतीनें ठरवावे. मध्येंच बदल करणें भाग पडल्यास ज्याचें नुकसान होईल त्यास पात्र बदलण्याची मुभा द्यावी.

नात पुन्हां खेळावयास बसली. त्या सहामाहींतील मुलांस मात्र आम्हांस आतां कांहींच परत देतां येत नाहीं.