घाट, टर्बो आणि हवेचा हिशेब

मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरकरांची रेल्वे आसनगावला थांबते आणि किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे इथल्या माणसाला स्टेशन किंवा बाजार गाठायचा तर एसटी नाहीतर खासगी गाडी, एवढेच पर्याय उरतात. या गाड्या म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर, क्रूझर, बोलेरो पिकअप. बहुतेक टर्बो डिझेल, बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या आणि प्रत्येक मालकाने आपापल्या परीने काहीतरी बदललेल्या. कुणी कॅरिअर चढवलेला, कुणी मोठे टायर, कुणी सायलेन्सर बदललेला. एका अंगाला कसारा घाट, दुसऱ्या अंगाला माळशेज. अशी गाडी घाटात दमायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘पंप वाढवून घे.’ गाडी नवी, कॉम्प्युटरवाली असेल तर त्याच सल्ल्याचं नाव ‘रिमॅप’ होतं, किंवा एखादा ट्यूनिंग बॉक्स जोडला जातो. तिन्हींचा अर्थ एकच, इंजिनाला डिझेल जास्त पाजणं. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या दुखण्यावरचं औषध आहे. गाडीत डिझेलची टंचाई नसते, हवेची असते. आणि हवा परत मिळवण्याचं काम घराच्या अंगणात, थोड्या हत्यारांत करता येतं.

घाट चढायला मुळात किती ताकद लागते, ते आधी पाहू. माणसं आणि सामान धरून साडेतीन टन वजनाची व्हॅन, २० मीटर धावेमागे १ मीटर चढ आणि ताशी ४० किलोमीटरचा वेग, असं गणित मांडलं तर निव्वळ वजन वर उचलायला सुमारे १९ किलोवॅट लागतात. टायरांचं घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मिळून आणखी सात, आणि गिअरबॉक्स-डिफरन्शिअलमध्ये वाया जाणारी ताकद धरली की बेरीज ३० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे ४० अश्वशक्ती. तोच चढ ताशी ६० ने चढायचा तर ६४ अश्वशक्ती लागेल. सव्वादोन लिटरच्या आसपासचं टर्बो डिझेल इंजिन धडधाकट असताना याहून बरंच जास्त देतं. मग घाटात दुसऱ्या गिअरवर रडणाऱ्या गाडीला आणखी ताकद द्यायची गोष्ट कशाला? होती ती ताकद कुठे गेली, हे आधी शोधायला हवं.

ती हवेबरोबर गेलेली असते. २.२ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन २,५०० फेऱ्यांवर मिनिटाला जास्तीत जास्त २,७५० लिटर हवा ओढू शकतं. ३५ अंशांच्या उन्हात आणि सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे गृहीत धरून वजनात ती भरते जेमतेम २.८ किलो. डिझेल काळा धूर न करता जाळायचं तर एक किलोमागे साधारण २० किलो हवा हवी. (रसायनशास्त्राच्या हिशेबाने साडेचौदा किलो पुरेल; पण सिलिंडरच्या आत इंधनाचा थेंब आणि हवा नीट एकजीव व्हायला उसंत मिळत नाही, म्हणून हात सैल ठेवावा लागतो.) तेवढ्या हवेत टर्बोविना सुमारे ५० अश्वशक्ती निघते. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून आत जाणारी हवा दाबावी, ही टर्बोची युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने १९०५ मध्ये पेटंटसाठी मांडली. हवेचा दाब दुप्पट केला तर मात्र ती तापते, ३५ अंशांवरून १३० अंशांपर्यंत. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाब दुप्पट होऊनही वजन दीडपटच वाढतं. इंटरकूलरने तिला ६० अंशांवर आणलं की तीच वाढ १.८५ पट होते. म्हणजे मिनिटाला ५.२ किलो हवा आणि सुमारे ९५ अश्वशक्ती. इंटरकूलर चिखलाने बुजला तर त्यातली जवळजवळ एक किलो हवा गेली. टर्बोनंतरचा रबरी पाईप फाटला तर दाबच गेला आणि गाडी पुन्हा ५० अश्वशक्तीची झाली. घाटात ताशी ६० ची गाडी ४० वर का येते, याचं उत्तर या आकड्यांतच आहे.

ही हवा नेमकी कुठे हरवते, ते या भागाच्या मातीला विचारावं. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, बेसॉल्टच्या खडकावर आहेत. रस्त्यांची कामं, खडी वाहणारे डंपर आणि २०२५ पर्यंत शहापूर तालुक्यातून चाललेलं समृद्धी महामार्गाचं बांधकाम यांनी उडवलेली धूळ मुख्यतः याच खडकाची आहे. बेसॉल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं काचेइतकी किंवा त्याहून कठीण. टर्बोचा हवा दाबणारा पंखा मात्र ॲल्युमिनियमचा. ४५ मिलिमीटर व्यासाचा असा पंखा मिनिटाला दीड लाख फेऱ्या घेतो तेव्हा त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने, म्हणजे जवळपास ध्वनीच्या वेगाने धावत असतं. त्या वेगाला धुळीचा कण पात्याची धार खातो. फिल्टर बसवताना कड नीट दाबली नाही, क्लॅम्प सैल राहिला किंवा ‘जास्त हवा ओढते’ म्हणून उघडा शोभेचा फिल्टर लावला, की ही धूळ थेट पात्यावर जाते. उघडा फिल्टर वर बॉनेटखालची गरम हवाही ओढतो, म्हणजे नुकसान दुहेरी. पावसाळ्यात उलटा प्रकार होतो. कागदी फिल्टर ओला होऊन फुगतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ओल, अशा मुलखात फिल्टर बदलण्याची पुस्तकातली मुदत ही कमाल मर्यादा मानावी.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. पंप वाढवल्यावर गाडी खरोखर ओढते, हा हजारो चालकांचा अनुभव आहे, त्याचं काय? अनुभव खोटा नाही. डिझेल वाढलं की धूर जास्त गरम होतो, टर्बो जास्त जोरात फिरतो, थोडी जास्त हवाही येते. शिवाय जिथे हवा अजून शिल्लक असते, तिथे जादा डिझेल कामी येतं. पण पाईप फुटलेला आणि फिल्टर तुंबलेला असताना वाढवलेलं डिझेल म्हणजे फुंकणी न मारता चुलीत कोंबलेली लाकडं. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, पैसे देऊन विकत घेतलेला. आणि या धुरापेक्षा न दिसणारी उष्णता जास्त घातक. टर्बोत शिरणारा वायू ७०० अंशांच्या पुढे बराच वेळ राहिला की टर्बाइन, मॅनिफोल्ड आणि पिस्टन यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकतो तो ऑइल आणि सिलिंडरच्या भिंती त्याची उष्णता सतत काढून घेतात म्हणून. सपाट रस्त्यावर गाडी मागे टाकताना दहा सेकंद पूर्ण रेस दिली तर हे चालून जातं. कसारा घाटात दहा-पंधरा मिनिटं सलग दिली तर नाही. ‘पंप वाढवून चार वर्षं झाली, काही झालं नाही’ असं सांगणारी गाडी सहसा शहापूर–कल्याण सपाटीवर फिरणारी निघते.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा आहे. कंपन्या एकच इंजिन वेगवेगळ्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या ताकदीला विकतात. म्हणजे आत राखून ठेवलेलं काहीतरी आहेच, ते का वापरू नये? राखून ठेवलेलं आहे हे खरं. ते कशासाठी, हा प्रश्न आहे. ४५ अंशांच्या उन्हासाठी, भेसळीच्या डिझेलसाठी, घासलेल्या नोझलसाठी आणि क्षमतेबाहेर भरलेल्या गाडीसाठी. यातलं किमान दोन-तीन तरी मुरबाडच्या गाडीच्या वाट्याला रोज येतं. राखीव साठा आधीच खर्च होत असताना त्याच्यावर पुन्हा उचल घेण्यात अर्थ नाही. स्वस्त ट्यूनिंग बॉक्सची करामत तर आणखी साधी असते. तो इंधनाच्या दाबाचा खरा आकडा कमी करून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि ईसीयू बिचारा दाब वाढवतो. खोट्या आकड्यावर चालणारं इंजिन स्वतःला वाचवू शकत नाही. शिवाय जुन्या गाडीचा क्लच आणि ब्रेक कुणी वाढवत नाही. साडेतीन टनांची गाडी कसाऱ्याच्या अंगाला ३०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १० मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकना आणि इंजिनच्या रोधाला मिळून पचवावी लागते, चढताना इंजिन कितीही वाढवलेलं असो.

हवेनंतर ऑइल. टर्बोचा दांडा बेअरिंगला टेकून फिरत नाही, मिलिमीटरच्या काही शतांशांइतक्या ऑइलच्या थरावर तरंगतो. ऑइल जुनं झालं, चुकीच्या जाडीचं पडलं किंवा पुरवठ्याची बारीक नळी कार्बनने अरुंद झाली की पहिला बळी टर्बोचा जातो. नवा टर्बो बसवला आणि ती नळी जुनीच ठेवली, तर नवाही थोड्या दिवसांत जातो आणि दोष मात्र दुकानदाराला मिळतो. घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवावं, या सल्ल्याला डिझेल वाया जातं असं उत्तर मिळतं. मिनिटाला जळतं ते दहा-पंधरा मिलिलिटर. शिवाय हा नियम सरसकट लागूही नाही. गावात हळू शिरून घरापर्यंत आलेल्या गाडीचा टर्बो वाटेतच निवलेला असतो. इगतपुरीला घाटमाथ्यावरच चहाला थांबून लगेच चावी फिरवणाऱ्याने मात्र तो पाळावा.

ईजीआर बंद करणं आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकणं, हेही ‘ट्यूनिंग’ म्हणून खपवलं जातं. ईजीआर जळालेला वायू थोड्या प्रमाणात परत आत सोडतो, तो मुख्यतः हलक्या भारावर. पूर्ण रेसला तो बहुतांशी मिटलेला असतो. तेव्हा पत्रा लावून तो बुजवल्याने घाटातली ताकद वाढण्याचं कारण नाही. तो काजळीने तुंबतो हे खरं, पण काजळी होते हवा कमी पडल्यामुळे. डीपीएफ भरतो तो आसनगाव स्टेशन ते बाजारपेठ अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांनी. महामार्गावरची एक लांब, सलग धाव तो बऱ्याचदा साफ करते. कायद्याची बाजूही लक्षात असलेली बरी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे.

‘आमच्या गॅरेजवाल्याकडे स्कॅनर नाही आणि मोठ्या वर्कशॉपसाठी कल्याण किंवा नाशिक गाठायचं म्हणजे दिवस मोडतो’, ही तक्रार रास्त आहे. पण हवेची तपासणी त्याविना होते. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे पाईप हाताने पिळून पाहावे. तेलकट ओल जिथे बाहेरून धूळ धरते, तिथे बहुधा भेग असते. टर्बोच्या तोंडाशी झाकण बसवून टायरच्या पंपाने हलका दाब, अर्ध्या बारपेक्षा जास्त नाही, भरावा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावावं. इंटरकूलर मागच्या बाजूने, कमी जोराच्या पाण्याने धुवावा. प्रेशर वॉशरने त्याच्या पट्ट्या मुडपतात. ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायची सोय) असलेल्या गाडीला एक छोटा डोंगल आणि मोबाईल पुरतो. इंजिन बंद, चावी चालू असताना मॅनिफोल्डचा दाब शहापुरात साधारण १०० आणि इगतपुरीत ९४ किलोपास्कल दिसायला हवा. नाही दिसला तर सेन्सरच खोटं बोलतोय. मग तिसऱ्या गिअरवर, भरलेल्या गाडीने, दर वेळी एकाच ठरावीक चढावर शेजारी बसलेल्या माणसाने आकडा टिपावा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावा. ओबीडी नसलेल्या जुन्या गाडीला टी-जोड आणि दाबाचा साधा काटा बसतो.

आणखी एक मोजमाप मालकाच्या हातात येऊन कचऱ्यात जातं. पीयूसीच्या चाचणीत डिझेल गाडीला उभ्या जागी एकदम रेस देऊन धुराची गडदता मोजतात आणि तो आकडा पावतीवर छापलेला असतो. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाने, जुन्यांना सहा महिन्यांनी ही पावती घ्यावीच लागते. चार-पाच पावत्या एकत्र ठेवल्या आणि पास होत असूनही आकडा चढत चाललेला दिसला, तर कुठेतरी हवा कमी पडतेय किंवा नोझल ओघळतेय, हे गाडी घाटात दमण्याआधी कळतं. या चाचणीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे आकडा चांगला आला म्हणून टर्बो निर्दोष ठरत नाही. त्यासाठी चढावरचा दाबच पाहावा लागतो. फिल्टर, पाईप, इंटरकूलर, ऑइल हे सगळं ठीक करूनही तो दाब मॅन्युअलपेक्षा कमी राहिला, तर वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) किंवा टर्बोच तपासायला हवा आणि ते काम मात्र अंगणात करण्यासारखं नाही.