विणकाम हा रिकामपणचा उद्योग नव्हे

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की वस्तीतल्या अनेक घरांत फळीवरची एक पिशवी खाली निघते. पिशवीत दोन सुया, एखादी क्रोशाची सुई, गेल्या वर्षीची उरलेली लोकर आणि अर्धवट राहिलेला एखादा स्वेटर. कुकरची शिट्टी होईपर्यंत चार ओळी, लोकलच्या महिला डब्यात बसायला जागा मिळाली तर सहा ओळी, रात्री मुले अभ्यासाला बसली की दहा ओळी. असे महिना-दीड महिना चालते आणि लेकराच्या अंगावर उबदार कपडा चढतो. पाहणारे म्हणतात, "बरे आहे, रिकामा वेळ चांगला जातो."

असे बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण पहाटे नळावर उभी राहून जिचा दिवस सुरू होतो आणि रात्री भांडी घासून संपतो, तिच्यापाशी रिकामा वेळ आला कुठून? तो तिने दिवसभराच्या कामाच्या फटींतून थोडा थोडा गोळा केलेला असतो. म्हणून त्याचा हिशेब असायला हवा, असे आमचे म्हणणे आहे.

मुळात विणकाम हे हिशेबाचेच काम आहे. शाळेत त्रैराशिकाला घाबरणारी बाई सुया हातात आल्या की ते सहज सोडवते. उदाहरण घ्या. नमुन्याचा चौकोन विणून पट्टीने मोजला आणि १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले. स्वेटरची छाती ९० सेंटिमीटर हवी असेल तर पुढचा भाग ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे ९९ टाके. आता तेच ९९ टाके घट्ट हाताच्या बाईने घातले आणि तिचे १० सेंटिमीटरला २४ बसत असतील, तर छाती साडेब्याऐंशी सेंटिमीटरच भरेल. साडेसात सेंटिमीटरचा फरक! महिनाभराची मेहनत अंगात शिरणार नाही. म्हणून शेजारणीचे टाके उतरवून घेण्यापेक्षा आपला नमुना आपण मोजणे शहाणपणाचे. सुयांचे जुने नंबरही उलटे चालतात, हे नवशिक्या मुलींनी लक्षात ठेवावे. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तर ८ नंबरची ४ मिलिमीटरची. नंबर मोठा, तितकी सुई बारीक.

एवढे कौशल्य ज्या कामात आहे त्याला 'फावल्या वेळचा छंद' म्हटले की काय होते, याचे उदाहरण आंध्र प्रदेशात आहे. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर आणि आसपासची गावे क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे काम तेथील गरीब स्त्रियांना शिकवले. पुढे त्याचा मोठा व्यापार झाला आणि माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या स्त्रियांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. याच मीसबाई १९६०च्या दशकात पुण्यात जर्मन भाषा शिकवीत होत्या.

त्यांना काय आढळले? घरचे सगळे काम करून या बाया रोज कित्येक तास सुई चालवीत होत्या. तरी त्यांना कामगार कोणी मानत नव्हते. या तर घरात बसणाऱ्या गृहिणी, फावल्या वेळात लेस विणतात, असेच सगळे म्हणत. मजुरी नगावर मिळे, आणि ती शेतात राबणाऱ्या मजूर बाईच्या रोजापेक्षाही कमी पडे. शिवाय कामाची वाटणी झालेली होती. एकीने नुसती फुले विणायची, दुसरीने ती जोडायची. माल गोळा करणारे एजंट आणि परदेशी पाठवणारे व्यापारी मात्र पुरुष. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वस्तूचे नाव मोठे झाले म्हणजे विणणारीचा रोज आपोआप वाढतो असे नाही.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. शेजारीण किंवा साहेबांची बाई म्हणते, "तुमचा हात फार छान आहे, नातवासाठी एक स्वेटर करून द्या ना, लोकरीचे पैसे देते." समजा, लोकर ९० रुपयांची, बटणे १५ रुपयांची. वरखुशी मिळून तिने २५० रुपये हातावर ठेवले. आपल्याला वाटते, १४५ रुपये सुटले. पण त्या स्वेटराला २० तास लागले असतील तर तासाला सव्वासात रुपये पडले. तेवढ्यात आज एक कप चहा मिळणेही कठीण! नातलगाला प्रेमाने फुकट द्यायचे तर जरूर द्यावे, पण किती तास दिले हे माहीत असून द्यावे. आणि मोबदला घ्यायचा तर तासांवर घ्यावा. त्यासाठी एक साधी वही पुरे. तारीख, वस्तू, लोकरीचे वजन व किंमत, सुईचा नंबर, टाके आणि लागलेले तास, एवढे रकाने आखा. पुढच्या वेळी तोच नमुना करताना ही वही मास्तरणीचे काम करील.

त्या वहीतून आणखी एक गोष्ट उघडी पडते. वस्तूंची यादी वाचून पाहा. मुलाचा स्वेटर, पुतणीचे झबले, जावेच्या बाळाचे टोपडे, यजमानांचा मफलर, टीव्हीवरचा रुमाल. यात विणणारीसाठी काय आहे? बहुतेक वह्यांत त्या जागी काहीच सापडणार नाही.

म्हणून भगिनींनो, या थंडीत एक वस्तू स्वतःसाठी हाती घ्या. फार मोठी नको. पहाटे पाळीवर जाणाऱ्या बाईला कानटोपी पुरे, फॅक्टरीतून रात्री परतणारीला बिनबाह्यांचा स्वेटर. ज्यांना साखळी, खांब आणि मुका खांब एवढेच येते त्यांनी क्रोशाची शाल करावी. लोकर एकाच लॉटची आणि एकदमच घ्या, नाहीतर अर्ध्यावर रंगात फरक पडतो. नवी घेणे परवडत नसेल तर मुलांना लहान झालेला हातविणीचा स्वेटर काढा. आधी शिवण सोडवा, मग जेथे टाके बंद केले त्या टोकाकडून उसवा. लोकरीची लड करून कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत टांगून वाळवा. वळ्या बऱ्याच निघून जातात आणि लोकर पुन्हा विणण्याजोगी होते.

ही वस्तू करताना रंग तुमचा, नमुना तुमचा, पहिल्या साखळीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळे काम तुमचेच. नुसती फुले विणून देणाऱ्या नरसापूरच्या बाईच्या वाट्याला हे समाधान आले नाही. चुकले तर उसवा, घाई कोणाचीच नाही. घरातल्यांनीही एवढे करावे की आई सुया घेऊन बसली म्हणजे ती मोकळी आहे असे समजून तिला चहाची ऑर्डर देऊ नये. चहा आपण करावा आणि एक कप तिच्याही पुढे ठेवावा.

आणि वस्तू पुरी झाली की वहीत तिचे तास लिहायला विसरू नका. नावाच्या रकान्यात मात्र या वेळी स्वतःचे नाव घाला.