मंदावलेली कामेच्छा आणि पुरुष-संप्रेरकाचा उपचार

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी या विकारांची चर्चा घराघरांत जेवणाच्या पंगतीतही होते. पुरुषाची कामेच्छा मंदावली, तर मात्र तो विषय पत्नीजवळही निघत नाही. पन्नाशीकडे झुकलेला, दुकान आणि संसार दोन्ही सांभाळणारा गृहस्थ वर्षानुवर्षे गप्प राहतो. पत्नी दोष स्वतःकडे घेते. आणि अखेरीस एखाद्या जाहिरातीवरून तेल किंवा गोळ्या मागवल्या जातात. काहीजण या मौनाला संयमाचे नाव देऊन समाधान मानतात. ही गल्लत आहे. श्रावकाचे ब्रह्मचर्याणुव्रत म्हणजे स्वदारसंतोष. ते इच्छा असताना, जाणीवपूर्वक स्वीकारायचे असते. आजारामुळे इच्छाच नाहीशी झाली असेल, तर त्या अवस्थेला व्रत म्हणता येत नाही. तिची तपासणीच करावी लागते.

पुरुषाच्या कामेच्छेमागे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने ते वृषणांत तयार होते. त्याच्या शोधाचा इतिहास मात्र अहिंसाप्रेमी वाचकाला अस्वस्थ करणारा आहे. 1889 मध्ये ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्रे व गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्याची शक्ती परतल्याचे पॅरिसमध्ये जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. जो गुण आला तो श्रद्धेचा होता. पुढे 1920 च्या दशकात फ्रान्समध्ये व्होरोनॉफ या शल्यचिकित्सकाने माकडांच्या वृषणांचे काप धनाढ्य वृद्धांच्या शरीरात बसवले. त्यातूनही काही निष्पन्न झाले नाही. 1935 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे लाकर यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 100 किलो बैलांच्या वृषणांतून अवघे 10 मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. सुदैवाने त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी कोलेस्टेरॉलपासून ते प्रयोगशाळेत घडवण्याची रीत शोधली, आणि ग्रंथींसाठी प्राणी मारण्याची गरज संपली. आज हे औषध सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासून रासायनिक प्रक्रियेने बनवता येते.

औषध सहज मिळू लागले, म्हणून प्रत्येकाला ते लागते असे नाही. इच्छा मंदावण्याची कारणे अनेक असतात: नैराश्य, अपुरी झोप, पतीपत्नींतील अबोला, कर्जाची चिंता, मद्य, अवटू ग्रंथीचे विकार, नैराश्यावरील काही गोळ्या. या कारणांवर टेस्टोस्टेरॉनचा उतारा चालत नाही. युरोपातील आठ केंद्रांत 40 ते 79 वयाच्या 3,369 पुरुषांची पाहणी झाली; तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. कामेच्छा मंदावणे, ताठरता न येणे आणि पहाटेची नैसर्गिक ताठरता कमी होणे या तीन तक्रारी, आणि त्यांच्या जोडीला रक्तातही कमतरता, असे खरे रुग्ण त्यांत जेमतेम दोन टक्के निघाले. वय वाढले की थोडी घट होतेच. पण स्थूलता आणि मधुमेह ती घट पुष्कळ वाढवतात. पोटाचा घेर उतरला, की अनेकांची पातळी औषधाविना वर येते. तुपाने निथळणारे पदार्थ आणि दिवसभर गादीवरची बैठक यांचा हिशेब इथेही द्यावा लागतो.

तपासणीतच बहुतेक चुका होतात. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढतो तशी उतरते. दुकान बंद करून संध्याकाळी रक्त देणाऱ्याचा अहवाल उगाच घाबरवतो. रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावे. पातळी कमी आढळली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करावी. ज्वरात किंवा अठ्ठाईसारख्या दीर्घ उपवासात ही पातळी तात्पुरती खाली येते. पारणे होऊन शरीर पूर्ववत झाल्यावरच तपासणी करणे योग्य. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा मानते, काही तज्ज्ञमंडळांची सीमा थोडी वेगळी आहे. लक्षणे नसताना केवळ आकड्यावर उपचार करू नये, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.

कमतरता सिद्ध झाली तरी लगेच इंजेक्शन घेऊन भागत नाही. दोष वृषणांत आहे की पीयूषिकेत, हे आधी पाहावे लागते. पीयूषिकेत कधीकधी प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ असते. ती कर्करोगाची क्वचितच असते, पण वाढली तर दृष्टीच्या नसेवर दाब देते. कामेच्छा जाणे हे अशा गाठीचे पुरुषातील पहिले लक्षण असू शकते. तिच्यावर कॅबरगोलिनच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही टळते. लाजेने दवाखान्याची पायरी न चढणारा, जाहिरातीतल्या तेलावर वर्षे काढणारा गृहस्थ जे गमावतो ते हे.

उपचाराचा लाभ किती? अमेरिकेत 65 वर्षांवरील, खरोखर कमतरता असलेल्या 790 पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे किंवा साधे जेल देऊन तुलना केली गेली. 2016 चे ते निष्कर्ष सांगतात, की कामेच्छा व कामजीवन सुधारले, पण मध्यम प्रमाणात. अंगातील उत्साहाबाबत ठोस लाभ दिसला नाही. हृदयाविषयीची भीती बरीच जुनी होती. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत. मात्र हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार अधिक आढळले. औषधाने रक्त दाट होते. म्हणून ठरावीक काळाने हिमॅटोक्रिट तपासतात, आणि ते 54 टक्क्यांवर गेले तर उपचार थांबवतात. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना हे औषध देत नाहीत.

सर्वांत मोठी फसगत तरुणांची होते. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, मूल नाही, उत्साह नाही. आणि व्यायामशाळेतला कोणी ‘पुरुषत्व वाढवणारे’ इंजेक्शन सुचवतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले, की पीयूषिका वृषणांना दिलेली आज्ञा मागे घेते आणि शुक्रजंतू तयार होणे जवळजवळ थांबते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याच संप्रेरकाच्या चाचण्या घेतल्या होत्या! औषध सोडल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परततात, पण त्यात महिने जातात, कधी वर्षाहून अधिक. अपत्य हवे असलेल्याने डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगावे. त्याच्यासाठी वृषणांना आतून जागे करणारी वेगळी औषधे असतात.

औषधाची प्रमुख रूपे तीन. दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन एरंडेलात विरघळवलेले असते आणि सुमारे 10 ते 14 आठवड्यांनी एकदा घ्यावे लागते. जेल रोज खांद्याला किंवा दंडाला लावतात. ते वाळण्याआधी नातवंडाला उचलून घेतले, तर औषध त्या कोवळ्या अंगाला लागते. त्यामुळे मुलांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणे दिसल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा हात साबणाने धुवावेत, सदरा घालावा आणि मगच मुलांजवळ जावे. तिसरे रूप कॅप्सूलचे. तिचे मऊ आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनवलेले असते. वेष्टनावरची माहिती वाचून घ्यावी आणि डॉक्टरांकडे पर्याय मागावा. शिवाय ही कॅप्सूल स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबतच शरीरात शोषली जाते आणि बहुधा दिवसातून दोनदा घ्यावी लागते. चौविहार पाळणाऱ्याने दुसरी मात्रा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणातच घ्यावी. आयंबिल किंवा उपवास असेल त्या दिवशी कॅप्सूल घेऊन फारसा उपयोग होत नाही. पर्युषणात दीर्घ तपश्चर्या करण्याचा विचार असेल, तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा, म्हणजे त्यांना इंजेक्शन किंवा जेल निवडता येते.